होळी ते अक्षय्य तृतीया: घरातल्या सगळ्यांना कामाला लावायचा वसंत

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. आपल्याकडचा वसंत म्हणजे थंड वारा आणि हिरवळ वगैरे काही नसतं, फाल्गुन लागला की दुपारी पंखा लागतो, चैत्रात पुण्यात सुद्धा पारा ३८-३९ ला टेकतो आणि विदर्भात तर विचारूच नका. त्यामुळे नेटवर ‘स्प्रिंग गार्डनिंग विथ किड्स’ म्हणून जे सापडतं ना, ट्युलिपचे कांदे लावा, लेट्यूस पेरा, ते बघून आपल्या बाल्कनीत करायला गेलात तर एप्रिलमध्ये हातात वाळलेल्या काड्या येतात आणि पोरांचा इंटरेस्ट कायमचा जातो.

पण आपल्याकडे दुसरी मस्त सोय आहे जी कुठल्याच किटमध्ये मिळत नाही, ती म्हणजे तारखा. होळी, रंगपंचमी, पाडवा, चैत्रगौर, अक्षय्य तृतीया. दीड-पावणेदोन महिन्यांत एवढे सण आणि प्रत्येकाला काहीतरी हातानं करायचं असतंच. मुलांना (आणि खरं सांगायचं तर नवऱ्यांना पण) ‘चला आपण क्राफ्ट करू’ म्हटलं की पाच मिनिटांत मोबाईल बाहेर येतो, पण ‘परवा पाडवा आहे आणि तोरण तू करणारेस, नाही केलंस तर दाराला तोरण नसेल’ म्हटलं की काम होतं. खरं काम द्यायचं, खरी तारीख द्यायची. मी जे काही खाली लिहिलंय ते सगळं या एकाच हिशोबानं लिहिलंय, ॲक्टिव्हिटीसाठी ॲक्टिव्हिटी यात एकही नाही.

दोन नियम आधीच सांगते. एक, जे काही उन्हातलं आहे ते सकाळी सात ते साडेआठ, त्यानंतर कोणी गच्चीवर नाही. दोन, मार्च-एप्रिल म्हणजे वार्षिक परीक्षा, तेव्हा रोज तासभर वगैरे स्वप्नं बघू नका, रविवार आणि रोजची दहा मिनिटं एवढ्यातच सगळं बसवायचंय. बसतं.

पाचोळा आधी

फेब्रुवारीच्या शेवटाला पानगळ जोरात असते, सोसायटीच्या कोपऱ्यात पिंपळ, बदाम, रेन ट्री सगळ्यांच्या पानांचा ढीग पडलेला असतो आणि झाडणारे मामा तो एकतर पोत्यात भरून ठेवतात नाहीतर कोणीतरी काडी लावतं. ते पेटवायच्या आधी दोन पोती घरी आणा. हे काम लहान मुलांना प्रचंड आवडतं कारण पोत्यात भरल्यावर आत उभं राहून पायानं दाबायचं असतं.

हा पाचोळा दोन ठिकाणी लागतो. अर्धा कुंड्यांमध्ये मातीवर दोन-तीन इंचाचा थर म्हणून, यानं उन्हाळ्यात पाणी निम्म्यानं कमी लागतं असं नाही म्हणणार पण फरक अगदी डोळ्याला दिसतो, बोट घालून बघा, खाली माती संध्याकाळपर्यंत ओली राहते. उरलेला अर्धा खतासाठी. रंगाची रिकामी २० लिटरची बादली घ्या, बाजूनं आणि तळाला भोकं पाडा (हे काम घरातल्या टीनएजरला द्या, ड्रिल मशीन हातात मिळणार असेल तर तो खोलीतून बाहेर येतो), तळाला पाचोळा, मग भाज्यांची सालं-देठं, वर परत पाचोळा. प्रमाण साधारण एक ओंजळ ओला कचरा असेल तर दोन-तीन ओंजळी पाचोळा. सुरुवातीला मूठभर जुनी माती किंवा थोडं आंबट ताक शिंपडायचं. शिजलेलं अन्न, तेलकट काही टाकू नका. वास यायला लागला म्हणजे ओलं जास्त झालंय, पाचोळा वाढवा, एवढंच त्याचं औषध. आठवड्यातून एकदा काठीनं वरखाली केलं की उन्हाळ्याच्या उष्णतेत दोन-तीन महिन्यांत, म्हणजे बरोबर पावसाच्या तोंडाला, खत तयार. आंबा-फणसाची जाड पानं असतील तर चुरून टाका, नाहीतर ती तशीच राहतात. नीलगिरीची टाळा.

आणि हे काही नवीन फॅड नाही हां. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं पाचोळ्यातून माती आणि थोडक्या जागेत घरापुरतं पिकवणं हे आपल्याकडे कधीच दाखवून दिलंय, मुंबईत लोकांनी गच्चीवर ऊस सुद्धा घेतलेत. तुमच्या आजोबांना विचारून बघा, त्यांनी बहुतेक ऐकलेलं असेल.

मोगरा छाटायला धीर लागतो

ज्यांच्याकडे मोगरा आहे त्यांनी फेब्रुवारी संपायच्या आत तो छाटायचा, आणि छाटायचा म्हणजे टोकं खुडायची नाहीत, झाड निम्म्यावर आणायचं. उरलेली पानं पण ओरबाडून काढायची. मग साधारण आठवडाभर पाणी अगदी तोडायचं, त्यानंतर वरची माती हलकी उकरून दोन मुठी शेणखत, एक मूठ निंबोळी पेंड, आणि भरपूर पाणी, आणि घरातली सगळ्यात कडक उन्हाची जागा. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, जुन्या काडीवर नाही, म्हणून हा सगळा उद्योग. सावलीतला मोगरा पानंच देत बसतो, त्याला कितीही खत घाला. घरात हे करताना कोणीतरी म्हणणारच की अगं मारलंस ते झाड. म्हणू दे. मार्चच्या शेवटी कळ्या दिसतात, आणि पहिला बहर संपला की फांद्यांची टोकं परत दोन-तीन इंच कापली की पुढचा बहर.

कळ्या संध्याकाळी, उमलायच्या आधी, टपोऱ्या पांढऱ्या झाल्या की काढायच्या आणि इथे आजीचा रोल सुरू होतो. गजरा. लहान मुलांना सुई-दोऱ्यानं देठातून ओवायला द्या, तो हार होतो आणि तेही छानच. पण सात-आठ वर्षांच्या पुढे गाठीचा गजरा शिकवाच. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचं, दोन कळ्या डावीकडे तोंड करून, दोन उजवीकडे, देठं मधे एकावर एक, आणि बोटावर दोऱ्याचा फास घेऊन तो देठांवरून टाकून ओढायचा. वाचून डोक्यात शिरणार नाही, पाच मिनिटं समोर बसून बघितलं की येतं. दोरा जाड सुती, किंवा केळीचा सोप (खुंटाचं साल) पाण्यात भिजवून त्याचे धागे काढले तर अजून भारी, गजरा जास्त वेळ टवटवीत राहतो आणि दोऱ्यानं देठ कापला जात नाही.

पेरायचं काय, आणि काय नाही

माझं स्पष्ट मत, घरात पहिल्यांदाच भाजी लावताय तर भेंडी लावा. टोमॅटोच्या मागे लागू नका, कडक उन्हात त्याची फुलं गळतात आणि मुलं रोज जाऊन बघून कंटाळतात. पालक, मेथी पण आता उशीर झाला, पालक तर उन्हाळ्यात दांडा काढून मोकळा होतो. भेंडीला ऊन आवडतं, बी मोठं असतं म्हणून लहान हातांना पेरता येतं, आणि फूल इतकं सुंदर, पिवळं आणि मधे गडद जांभळं, की भाजी आली नाही तरी चालेल असं वाटतं. येते पण.

बी रात्रभर पाण्यात भिजवायचं, सकाळी १२ इंची कुंडीत किंवा ग्रो बॅगमध्ये बोटाच्या एका पेराइतकं खोल, एका कुंडीत तीन बिया, उगवल्या की दांडगी दोन ठेवायची बाकी काढायची. काढताना मुलं रडतात, तयारी ठेवा. माती म्हणजे एक भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर मूठभर निंबोळी पेंड. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवं. होळीच्या आसपास पेरलं तर पहिली भेंडी साधारण ४५-५० दिवसांत, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे ताटात. एक मात्र, एका कुटुंबाची भाजी व्हायची तर आठ-दहा झाडं पाहिजेत, दोन झाडांवर रोज एखाद-दुसरीच भेंडी मिळते आणि मग ती कोणी खायची यावर भांडणं. तोडायला लागलात की एक दिवसाआड तोडायची, राहिली की जून होते आणि झाड पुढे भेंड्या देणं कमी करतं.

पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसायला लागली तर तो केवडा रोग, पांढरी माशी पसरवते, त्यावर औषध नाही, झाड उपटायचं आणि कंपोस्टमध्ये न टाकता बाहेर टाकायचं. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल, दोन-चार थेंब भांड्यांचं लिक्विड, नीट हलवून संध्याकाळी फवारायचं, पानाच्या मागच्या बाजूनं. दुपारी फवारलंत तर पानं भाजतात. हे स्प्रे मारायचं काम मुलांना द्यायला हरकत नाही, फक्त वारा कुठून येतोय ते बघायला शिकवा आणि नंतर हात धुवायला लावा.

भेंडीशिवाय गवार बिनधास्त लावा, ती उन्हाला घाबरत नाही. जाळीला जागा असेल तर दोडका किंवा काकडी. लाल माठ आणि राजगिरा तर टबमध्ये नुसता भुरभुरला की तीन-चार आठवड्यांत कापायला येतो, अधीर मुलांसाठी हाच बेस्ट. कोथिंबीर लावायचीच असेल तर धने हलके रगडून दोन फाका करा आणि कुंडी अशा जागी जिथे दुपारचं ऊन येत नाही. पुदिना बाजारातल्या जुडीतल्याच काड्या पाण्यात ठेवून मुळं फुटली की लावा, विकत रोप आणायची गरज नाही. नागपूर, अकोल्याकडच्यांनी एप्रिलपासून ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट बांधल्याशिवाय यातलं काही टिकेल अशी आशा करू नका, आणि कोकणातल्यांनी पाणी घालताना हात आखडता घ्या, दमट हवेत कुंडीत पाणी साचलं की मुळं कुजतात.

पाणी सकाळी लवकर, आणि फार तापलं की संध्याकाळी परत. हे कोणाचं काम ते ठरवून फ्रिजवर लिहा. ‘सगळ्यांनी मिळून’ असं ठरवलं की कोणीच घालत नाही, हा माझ्याच नाही सगळ्यांच्याच घरचा अनुभव असणार.

पळसाचा रंग

पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो, अंगावर पान नसतं आणि सगळं झाड केशरी. पुण्याच्या बाहेर कुठल्याही दिशेला तासभर गेलात तरी दिसतो, मराठवाडा-विदर्भात तर रानच्या रान. झाडावरची तोडू नका, पक्ष्यांची त्यावर मेजवानी चालू असते, खाली पडलेली सकाळी सकाळी वेचा, पिशवीभर सहज मिळतात. सुकवून ठेवली तरी चालतात.

रंगपंचमीसाठी: दोन ओंजळी फुलं, एक लिटर पाणी, दहा-पंधरा मिनिटं उकळायचं, रात्रभर तसंच झाकून ठेवायचं, सकाळी फडक्यातून गाळायचं. पिवळा-केशरी रंग येतो. फिका वाटतो पण पांढऱ्या शर्टवर चांगला दिसतो आणि डोळ्यात गेला तर काही होत नाही. काही जण रंग गडद व्हायला चुना टाकायला सांगतात, अंगावर खेळायच्या पाण्यात अजिबात टाकू नका, चुना डोळ्याला वाईट.

चुन्याची मजा घ्यायची तर कापड रंगवा, हा माझा यंदाच्या सीझनचा सगळ्यात लाडका उद्योग. साधे सुती रुमाल किंवा जुनी पांढरी ओढणी, आधी साबणानं धुऊन खळ काढून टाकायची. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर तुरटी विरघळवून त्यात कापड तासभर. मग पळसाच्या पाण्यात मंद गॅसवर अर्धा तास आणि तसंच रात्रभर थंड व्हायला सोडायचं. सकाळी पिवळं कापड निघतं. आता एका भांड्यात पाणी घेऊन त्यात चिमटीभर खायचा चुना, ते निवळू द्या, आणि वरच्या निवळीत कापडाचा एक कोपरा बुडवा. डोळ्यांसमोर केशरी होतो. हे मोठ्यांनी हातमोजे घालून करायचं, मुलं बघायला उभी राहतील आणि ‘परत कर परत कर’ चालू होईल. बुडवायच्या आधी रुमालाला सुतळीनं घट्ट गाठी मारून ठेवल्या तर बांधणीसारखी गोल नक्षी येते. सावलीत वाळवा, वेगळं धुवा, आणि काही महिन्यांत रंग उतरणार हे मान्य करूनच वापरा, झाडाच्या रंगांचं असंच असतं.

झाडाखाली गेलाच आहात तर पळसाला पाने तीन हे खरंच मोजून बघायला लावा, तेव्हा पानं नसतील तर एप्रिलमध्ये कोवळी पालवी आल्यावर परत जा. तीच पानं जरा जून झाली की काड्यांनी टाचून द्रोण-पत्रावळी करता येतात. गावाकडं कोणी ज्येष्ठ माणूस असेल तर त्यांच्याकडूनच शिका, हात फार सराईत असतो त्यांचा.

पाडवा

तारीख दरवर्षी हलते हे लक्षात ठेवा, २०२४ ला ९ एप्रिलला होता, २०२५ ला ३० मार्चला, त्यामुळे कॅलेंडर बघून मागं मोजायचं. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तोरण: आंब्याची पानं ओल्या फडक्यानं पुसून, देठाकडून दुमडून सुतळीत ओवायची, दर दोन पानांनंतर एक झेंडू. सहा वर्षांचं मूल हे करू शकतं आणि वाकडं आलं तरी तेच दाराला लावायचं, मागून आपण सरळ करायला जायचं नाही. पुठ्ठ्याची छोटी गुढी करायचे व्हिडिओ खूप फिरतात, मला ते पटत नाही, खऱ्या गुढीची काठी धुवायला द्या, खणाच्या निऱ्या घालायला द्या, ती उंच जाते तेव्हा आपण घातलेल्या निऱ्या दिसतात की. काठी रेलिंगला दोन ठिकाणी सुतळीनं करकचून बांधा, चैत्रातला वारा दुपारी अचानक सुटतो.

साखरगाठी घरी करून बघाच. एक वाटी साखर, पाव वाटी पाणी, आणि गोळीबंद पाक. म्हणजे थेंब गार पाण्यात टाकला की बोटांत मऊ गोळी व्हायला हवी. छोट्या स्टीलच्या वाट्यांना तूप पुसून एका ताटात ओळीनं चिकटून ठेवा आणि सगळ्यांवरून एक जाड दोरा सोडा, दोरा प्रत्येक वाटीत तळाला टेकला पाहिजे. पाक झाला की गॅस बंद करून डावानं घोटायचा, कडेनं पांढरट दिसायला लागला की पटापट वाट्यांत ओता. इथे सेकंदांचा खेळ आहे, उशीर झाला तर पातेल्यातच दगड होतो, मग दोन चमचे पाणी घालून परत गरम करायचं, वाया जात नाही. वीस मिनिटांत सुटतात. केशराच्या दोन काड्या किंवा बीटाचे दोन थेंब घातले तर रंगीत. पाक भयंकर भाजतो म्हणून ओतायचं काम मोठ्या माणसाचं, मुलांकडे तूप लावणं, दोरा धरणं आणि शेवटी गाठी सोडवणं. प्लास्टिकचे साचे वापरू नका, वितळतात.

संध्याकाळी गुढी उतरवली की कडुनिंबाची डहाळी फेकू नका, पानं सावलीत वाळवून गव्हा-तांदळाच्या डब्यात टाकायची. वर्षाचं धान्य भरायचे दिवस तेच असतात.

चैत्रांगण आणि अळिवाची बोळकी

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, अख्खा महिना, म्हणजे हळदीकुंकू कुठल्या रविवारी करायचं ते परीक्षा बघून ठरवता येतं. आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांना अंगण नाही म्हणून चैत्रांगण सुटलं होतं बऱ्याच घरांत, पण दोन बाय दोनचा प्लायवूडचा तुकडा गेरूनं रंगवून दाराशी ठेवला की झालं काम. पांढऱ्या रांगोळीनं वर देव्हाऱ्यात किंवा पाळण्यात गौर, बाजूला सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, गोपद्म, लक्ष्मीची पावलं, कासव, नाग, हत्ती, मोर, आंबा, फणी, करंडा, आरसा. आजीला किंवा एखाद्या काकूंना विचारा, प्रत्येक घरचा हत्ती वेगळा असतो आणि प्रत्येकीला आपलाच बरोबर वाटतो.

मुलांनी एकदम सगळं काढायचं नाही, महिना आहे हातात. रोज एक चिन्ह. दहा मिनिटं. चिमटीतून रांगोळी सोडायला लहान हातांना जमत नसेल तर आधी खडूनं काढून घ्या. कंटाळा आलाच तर एक दिवस त्यांना त्यांच्या मनातलं चिन्ह काढू द्या, आमच्या वाडीत एका पोरानं मेट्रो काढलीय, गौरीनं काही तक्रार केलेली नाही.

आरास करायला महागड्या गोष्टी नकोत. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरतो ना, तेच इथे मातीच्या बोळक्यांवर करायचं. चकाकी नसलेलं कच्च्या भाजणीचं बोळकं घ्या, त्याला ओलं सुती फडकं गुंडाळा, अळीव थोड्या पाण्यात अर्धा तास भिजवले की बुळबुळीत होतात, ते बोटानं फडक्यावर थापा आणि बोळक्यात पाणी भरून सावलीत ठेवा. पाणी मातीतून झिरपत राहतं आणि फडकं ओलं राहतं, तरी सकाळ-संध्याकाळ थोडं शिंपडा. दोन-तीन दिवसांत मोड, आठवड्यात हिरवंगार. हळदीकुंकवाच्या तारखेआधी आठ दिवस लावायला घ्या. याच तत्त्वावर मोठ्या कुंड्यांत कच्च्या मातीचं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवलं तर झाडांना आपोआप ओल मिळते, वर झाकण ठेवा म्हणजे डास होत नाहीत.

डासांवरून आठवलं, पक्ष्यांसाठी पसरट परळात पाणी ठेवाल तर ठेवाच, आत एक दगड टाका बसायला, पण पाणी रोज बदलायचं आणि परळ घासायचं. कुंड्यांखालच्या ताटल्या पण. साठलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास वाढतो.

हळदीकुंकवाची आंब्याची डाळ आणि पन्हं मोठ्यांवर सोडा, पण कैरी किसणं आणि उकडलेल्या कैरीचा गर हातानं काढणं हे मुलांचं, निम्मा गर पोटात जातो तो धरूनच कैऱ्या आणा.

गच्चीवरचं वाळवण

कुरडया करायच्या तर गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, चीक काढा, तो शिजवा आणि एवढं सगळं ऑफिस सांभाळून, तेव्हा घरात अनुभवी माणूस नसेल तर त्या नादी लागू नका. साबुदाण्याचे पळीपापड करा. एक वाटी साबुदाणा रात्रभर भिजवून सकाळी पाच-सहा वाट्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, मीठ, जिरं, हवी तर मिरची वाटून. पीठ ओघळेल इतपत सैल हवं. जाड प्लास्टिकवर पळीनं छोटे गोल सोडायचे, दोन कडक उन्हं, मधे एकदा उलटायचे. मीठ हात राखून घाला कारण वाळल्यावर खारट लागतं. मुलांचं काम कावळे हाकलणं, आणि अर्धवट ओले पापड खाणं, याला काही इलाज नाही.

फिरायला गेलात तर

एक साधी वही करा, झाडांची. पुण्यातली वेताळ टेकडी असो की तुमच्या गल्लीतली चार झाडं, दर रविवारी तीच वाट आणि काय बदललं ते लिहायचं. फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा लाल, मार्चमध्ये पिंपळाला तांबूस पालवी, कुसुंबाला तर लालभडक पानं येतात आणि लोकांना ती फुलंच वाटतात. मार्च-एप्रिलमध्ये वावळाच्या कागदासारख्या गोल बिया वाऱ्यानं सगळीकडे उडतात, त्या वहीत चिकटवायला एकदम सोप्या. एप्रिलमध्ये सावरीची बोंडं फुटून कापूस खाली येतो, तो वेचून बाहुलीची उशी भरता येते, शिंका येणाऱ्यांनी लांब राहा. मग बहावा पिवळा आणि ताम्हण जांभळा, ताम्हण आपलं राज्यफूल आहे हे शाळेत घोकलेलं असतं पण झाड कोणी दाखवलेलं नसतं. फुलं जाड पुस्तकात टीपकागदात ठेवून आठ-दहा दिवस दाबली की वहीत लावता येतात, फक्त पळसासारखी मांसल फुलं दाबू नका, काळी पडतात, पाकळ्या सुट्या करून दाबा.

मे महिन्यात गावाला जाताना

इथेच बहुतेक बागा मरतात. जायच्या आधी सगळ्या कुंड्या उन्हातून काढून एकत्र, एकमेकींना खेटून, सावलीच्या भिंतीशी ठेवा, पाचोळ्याचा थर जाड करा, पुरलेली मडकी काठोकाठ भरा. चार-पाच दिवसांसाठी बादलीत पाणी भरून उंचावर ठेवायची आणि त्यातून जाड सुती दोऱ्या एकेका कुंडीच्या मातीत खुपसायच्या, पाणी हळूहळू उतरतं, जायच्या आधी दोन दिवस ट्रायल घेऊन बघा. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजारी हाच उपाय. भेंडीच्या एखाद्या दांडग्या झाडावरची एक भेंडी न तोडता सोडा, वाळून खुळखुळायला लागली की ते पावसाळ्याचं बी (बी गावरान असेल तरच, हायब्रीडचं पुढं तसंच येत नाही), तिला लाल दोरा बांधून ठेवा म्हणजे चुकून कोणी तोडणार नाही. आणि किल्ली देताना शेजारच्या काकूंना स्पष्ट सांगा, लाल दोऱ्याची सोडून बाकीच्या एक दिवसाआड तोडा आणि खा, आमच्यासाठी फ्रिजमध्ये राखून ठेवू नका.